जुन्या हेअर ट्रान्सप्लांटच्या खुणा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

१९८७ साली, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, मुंबईत माझ्या डोक्यावर केसांचे पुंजके बसवले गेले. पुढची चोवीस वर्षं टोपी, कंगवा आणि कुठल्या बाजूनं उजेड येतोय याचा हिशेब करण्यात गेली. मग २०११ ते २०१३ या काळात तीन बैठकांत ते काम दुरुस्त करून घेतलं. मी डॉक्टर नाही. पण एकाच्या ओळखीतून दुसरा असे लोक फोन करत राहतात, बहुतेक वेळा रात्री जेवणं झाल्यावर, घरातले झोपले की. प्रश्न तेच ते असतात, म्हणून एकदा सगळं लिहून ठेवतोय.

माझ्या डोक्यावर नेमकं काय केलं होतं? कागद तर एकही उरलेला नाही.

कागद नसले तरी डोक्याची मागची बाजू सगळं सांगते. घरातल्या कुणाला तरी विश्वासात घ्या, खिडकीजवळ दिवसाउजेडी बसा आणि मागचे केस कंगव्यानं वर उचलून फोटो काढून घ्या. मुगाच्या दाण्याएवढे गोल, पांढुरके डाग ओळीनं दिसले तर तुमचं काम पंच ग्राफ्टचं (पंच म्हणजे गोल पात्याची नळी, तिनं केसांसकट कातडीचा गोळा काढून पुढे लावायचे; लावलेला तुकडा तो ग्राफ्ट), म्हणजे साधारण नव्वदच्या दशकाआधीचं. एका कानामागून दुसऱ्या कानामागे जाणारी आडवी रेघ असेल तर ते मागच्या कातडीची पट्टी काढून, तिच्यातले केस लावून केलेलं काम. नव्वदीनंतर बरीच वर्षं तेच चालत होतं. खसखशीसारखे बारीक पांढरे ठिपके विखुरलेले असतील तर एफयूई, म्हणजे एकेक मूळ सुटं काढण्याची पद्धत. ती २००२ नंतर हळूहळू सगळीकडे पोचली.

माथ्यावर मधोमध उभा व्रण असेल आणि त्याच्या दोन्ही बाजूंचे केस भांग पाडल्यासारखे एकमेकांपासून दूर पळत असतील, तर टकलाची कातडीच कापून बाजूची कातडी ओढून शिवलेली आहे. हा प्रकार सत्तरीच्या अखेरीस आणि ऐंशीच्या दशकात जोरात होता. ताणलेली कातडी पुढच्या काही वर्षांत पुन्हा सैलावायची आणि टक्कल परत रुंद व्हायचं, मधला व्रण तेवढा कायमचा.

बऱ्याच जणांच्या डोक्यावर यातले दोन-तीन प्रकार एकत्र असतात. दर दहा वर्षांनी कुणीतरी नवीन काहीतरी करून दिलेलं असतं.

पुढचे केस बाहुलीच्या केसांसारखे का दिसतात? डॉक्टरनं चूक केली होती का?

बहुतेकांच्या बाबतीत नाही. तेव्हाची पद्धतच तशी होती. न्यूयॉर्कचे त्वचारोगतज्ज्ञ नॉर्मन ओरेंट्राइख यांनी १९५२ मध्ये पहिलं असं रोपण केलं आणि १९५९ मध्ये त्यावर लेख लिहिला. डोक्याच्या मागच्या भागातला केस पुढे टकलावर लावला तरी तो आपला मागचाच स्वभाव धरून राहतो, गळत नाही, हे त्यांनी दाखवलं. आजही सगळं ट्रान्सप्लांट याच एका गोष्टीवर उभं आहे. घोळ झाला तो आकारात.

भातलावणी बघितली असेल तर हे लगेच कळेल. एका चुडात दोन-तीन रोपं लावली की शेत एकसारखं भरतं. तेच वीस रोपांचा जुडगा करून हात-हातभर अंतरावर खोचला तर? निसर्गतः डोक्यावर केस एकेकटे किंवा दोन, तीन, फार तर चारच्या जुडीनं उगवतात, आणि कपाळालगतच्या पहिल्या ओळीत तर बहुतेक सुटे, एकेकटे असतात. ४ मिलिमीटरच्या पंचमधून निघालेल्या गोळ्यात पंधरा-वीस केस असायचे. ते सगळे एका भोकातून वर येतात.

त्यात आणखी दोन-तीन गोष्टींची भर पडते. गोळा भरताना त्याच्या मध्यापर्यंत रक्तपुरवठा वेळेत पोचत नाही, म्हणून मधले केस मरतात आणि कडेचे जगतात. मग प्रत्येक पुंजका मेदूवड्यासारखा दिसतो. कातडी भरून येताना आकसते, म्हणून उरलेले केस आणखी दाटीनं उभे राहतात. कपाळावरचे खरे केस पुढच्या बाजूला झुकून, जवळजवळ कातडीला टेकून निघतात, पुंजक्यातले मात्र काटकोनात. शिवाय गोळा थोडा वर बसला की उंचवटा, आत गेला की खळगा. कडेनं उजेड पडला की कपाळ फरसबंदीसारखं दिसतं, ते यामुळेच.

हे सगळं चार बैठकांत पूर्ण करायचं असे. पहिल्यांदा पुंजके, मग त्यांच्या मधल्या जागा, मग उरलेल्या फटी. कित्येकांनी पैसे संपले, दुखलं, बदली झाली, लग्न ठरलं म्हणून मध्येच सोडलं. मी दोन बैठकांवर थांबलो होतो.

दहा-बारा वर्षं बरं दिसत होतं. आता एवढं वाईट का दिसायला लागलं?

कारण टक्कल थांबलेलं नाही. लावलेले केस टिकले आणि त्यांना आडोसा देणारे मूळचे केस गेले. पुरुषांच्या टकलाच्या सात पायऱ्या सांगतात. नॉरवूड यांनी १९७५ मध्ये मांडलेली ती मोजपट्टी अजून वापरात आहे. पंचविशीत तिसऱ्या पायरीवर असताना कपाळ भरून घेतलं आणि पन्नाशीत सहाव्या पायरीवर पोचलात, तर पुढे केसांचं कुंपण आणि मागे मोकळं मैदान. डॉक्टरची खरी चूक असेल तर ती इथे असते. सव्विशीच्या मुलानं मागितली तशी खाली, सरळ, कानशिलापर्यंत नेलेली केसांची ओळ आखून दिली आणि तो साठीचा झाल्यावर कसा दिसेल याचा विचारच केला नाही.

मग सरळ टक्कल करून टाकलं तर?

हा प्रश्न सगळ्यात सोपा वाटतो आणि सगळ्यात जास्त टोचतो तोही हाच. ज्यानं कधीच काही केलं नाही तो माणूस आज झिरो मशीन मारून मजेत फिरू शकतो. आपण नाही. केस काढले की खालचे उंचवटे, खळगे आणि मागचे पांढरे डाग उघडे पडतात.

माझ्या वडिलांचा दहावा नाशिकला गोदावरीच्या घाटावर होता. थोरला मुलगा म्हणून क्षौर माझंच. न्हावीकाकांनी पाणी लावलं, वस्तरा कपाळापासून मागे नेला आणि थांबले. बोटानं चाचपून पाहिलं. "दादा, इथं भाजलं होतं का?" घाटावर अख्खं गोत्र उभं. मी "हो" म्हणालो. दोन उंचवट्यांवर वस्तरा लागून रक्त आलं, त्यांनी तुरटी फिरवली आणि पुढचं डोकं फार सांभाळून केलं. त्या दिवसापासून आमच्या चुलत भावंडांत मी लहानपणी भाजल्याची गोष्ट पक्की झाली आहे. मीही ती कधी खोडली नाही.

तर सरळ उत्तर: पंचचं जुनं काम असेल तर आधी पुंजके काढून, खुणा सपाट करून, मागच्या डागांवर काही उपाय केल्याशिवाय वस्तऱ्यापर्यंत जाऊ नका. बारीक मशीनपर्यंत पोचणं काहींना जमतं. नुसत्या पट्टीचा बारीक व्रण असेल तर तीन किंवा चार नंबरचं मशीन, म्हणजे १० ते १३ मिलिमीटर केस ठेवले की तो सहसा झाकला जातो. क्षौर टाळायचं असेल तर गुरुजींशी आधी खासगीत बोला. चार केस कापून काम भागवण्याची सोय आजकाल बहुतेक गुरुजी करून देतात, आणि कारण सांगायची गरज पडत नाही.

पुंजके काढता येतात का?

येतात. आजच्या दुरुस्तीचा गाभाच तो आहे आणि त्याच्यावर विश्वास बसायला मला सर्वात जास्त वेळ लागला. आयुष्यभर केस मिळवायला धडपडलेला माणूस केस काढून घ्यायला सहजी तयार होत नाही.

दोन रीती आहेत. पुंजका जाड आणि नको त्या ठिकाणी असेल, म्हणजे फार खाली किंवा कानशिलावर, तर तो पूर्ण काढून तिथे टाका घालतात. जागा बरोबर असेल पण केस दाट असतील, तर मूळ पुंजक्यापेक्षा लहान पंचनं त्यातला मोठा भाग उचलतात आणि कडेला चंद्रकोरीएवढे थोडेच केस ठेवतात. हल्ली एक मिलिमीटरच्या आतबाहेरच्या पंचनं पुंजक्यातून एकेक मूळ वेचून त्याला विरळ करण्याचीही पद्धत आहे. काढलेलं काही वाया जात नाही. सूक्ष्मदर्शकाखाली पुंजका सोडवून त्यातल्या एकेक, दोन-दोन केसांच्या जुड्या त्याच दिवशी दुसरीकडे लावतात. आपलेच केस, फक्त नीट वाटून.

माझ्या पहिल्या बैठकीत चौतीस पुंजके निघाले. भूल फक्त डोक्यापुरती, मी जागा होतो. दुखलं नाही, पण पंच फिरताना आतून काकडी चावल्यासारखा करकर आवाज येतो, तो मनाची तयारी करून जा. मी एक पुंजका दाखवा म्हणालो. ओल्या गॉजवर ठेवलेला, दात घासायच्या ब्रशचा एक झुपका उपटून ठेवावा तसा. सिस्टरनं तो भिंगाखाली नेला आणि थोड्या वेळानं त्याच्या नऊ बारीक जुड्या करून दाखवल्या. चोवीस वर्षं ज्याला लपवलं ते एवढंसं होतं.

एका फेरीत सगळं होत नाही. दोन बैठकांमध्ये काही महिने जाऊ द्यावे लागतात, म्हणजे सूज उतरते, जखम भरते आणि खरं काय उरलंय ते दिसतं. पुंजका निघाला तरी त्या जागेची कातडी थोडी फिकट आणि गुळगुळीत राहते. आपल्या सावळ्या कातडीवर तो फिकट ठिपका जास्त उठून दिसतो. हे आधीच स्पष्ट सांगणारा डॉक्टर भेटला तर तो माणूस बरा, असं समजा.

काढण्याऐवजी समोर नवे केस लावून झाकता येणार नाही का?

पुंजके मुळात लहान असतील, ओळ पुरेशी वर असेल आणि मागे साठा असेल तर येतं. पुंजक्यांच्या पुढे आणि मधल्या जागांत एकेकट्या केसांची विस्कळीत ओळ लावतात, सरळ रेघ मोडतात. पण ओळ आधीच खाली असेल तर तिच्याही पुढे केस लावणं म्हणजे कपाळ आणखी आखूड करणं. जाड पुंजक्यांच्या पुढे बारीक केसांचा पडदा लावला तर वाऱ्यात आणि ओल्या डोक्यावर मागचं सगळं दिसतं. नव्वदच्या दशकात माझ्या ओळखीच्या दोघांनी हेच केलं, आणि नंतर दोघांनाही पुंजके काढावेच लागले. तोवर मागचे शे-दोनशे चांगले केस खर्ची पडले होते.

मागे किती केस शिल्लक आहेत हे कसं कळणार?

डॉक्टरनं भिंगातून मोजून सांगायला हवं, नुसतं बघून नाही. सगळी दुरुस्ती या एका आकड्यावर चालते. अख्ख्या डोक्यावर साधारण लाखभर केस असतात, पण आयुष्यभर न गळणारे, उचलता येण्याजोगे केस फक्त मागच्या आणि कानांवरच्या पट्ट्यातच. त्यातले किती आधीच उचलले, किती व्रणाच्या आजूबाजूला मेले आणि वयाबरोबर किती बारीक झाले, हे वजा करून जे उरतं ती तुमची पुंजी. तिच्यात नवी भर पडत नाही.

म्हणून क्रम ठरवून घ्या. आधी कपाळालगतची ओळ, कारण समोरच्या माणसाची नजर तिथेच जाते. मग पुढचा तिसरा भाग. माथा आणि भोवरा सोडून द्या. भोवऱ्यात केस कितीही ओता, ते विहिरीत गेल्यासारखे जातात.

दाढीचे किंवा छातीचे केस वापरता येतात का?

दाढीचे, हो. हनुवटीखालचे घेतात. जाड असतात, म्हणून मधल्या भागात भर घालायला आणि मागच्या व्रणात लावायला बरे. कपाळाच्या ओळीत नकोत, तिथे पुन्हा बाहुली होईल. छातीच्या केसांवर माझा फारसा भरवसा नाही. ते ठराविक लांबीलाच थांबतात आणि किती जगतील याचा नेम नसतो.

मागच्या व्रणाचं काय करायचं?

पट्टीचा व्रण रुंदावतो तो मुख्यतः कातडी ताणून शिवल्यामुळे. कातडीत अजून सैलपणा असेल तर जुना व्रण कापून पुन्हा बारीक शिवता येतो. यात कडेची एक पातळ चकती छाटून अशी शिवण घालतात की केस व्रणातूनच वर येतात. कातडी आधीच दोनतीनदा ओढलेली असेल तर मात्र पुन्हा कापण्याच्या भानगडीत पडू नका, तो आणखी रुंद होईल.

दुसरा मार्ग म्हणजे व्रणातच केस लावणं. व्रणाच्या ऊतीत रक्तपुरवठा कमी असतो, म्हणून तिथे साध्या जागेपेक्षा कमी केस धरतात. शहाणे डॉक्टर आधी थोडे लावून वर्षभर बघतात. केस लावल्यावर पहिल्या काही आठवड्यांत ते गळतात, तिसऱ्या-चौथ्या महिन्यात पुन्हा डोकं वर काढतात आणि खरा निकाल बारा महिन्यांनी कळतो, व्रणात कधी त्याहून उशिरा. सहाव्या महिन्यात फोन करून रडणाऱ्यांना मी हेच सांगतो.

पंचच्या जमान्यात मागची भोकं बऱ्याचदा टाके न घालता तशीच भरू देत. त्यामुळे तिथे चाळणीसारखं दिसतं. त्यावर ठिपक्यांचं रंगकाम उपयोगी पडतं, ते पुढे येतंय. व्रण जाड आणि फुगीर असेल तर त्यात स्टिरॉइडची इंजेक्शनं देऊन तो बसवता येतो. ते काम त्वचारोगतज्ज्ञाचं, सलूनमधल्या मसाजवाल्याचं नव्हे.

डोक्यावर टॅटूसारखे ठिपके काढतात, ते चांगलं दिसतं का?

त्याला स्कॅल्प मायक्रोपिगमेंटेशन म्हणतात. कातडीच्या वरच्या थरात बारीक ठिपके देऊन बारीक कापलेल्या केसांचा आभास करतात. मागच्या व्रणासाठी आणि विरळ माथ्यासाठी मला हे आवडलं. माझ्या मागच्या डागांवर केलं आहे. दोन-तीन बैठका लागल्या.

पण तीन गोष्टी लक्षात असू द्या. एक, व्रणात रंग पसरतो, म्हणून आधी छोट्या जागेवर करून काही आठवडे थांबायचं. दोन, नेहमीच्या टॅटूवाल्याकडे जाऊ नका. खोल गेलेली साधी शाई वर्षांनंतर निळसर होते. तीन, ठिपके पांढरे होत नाहीत आणि तुमचे केस होणार आहेत. पन्नाशीच्या पुढे फिक्या, राखाडी रंगाकडे झुकणारी छटा निवडा. पुढच्या उंचवट्यांवर मात्र ठिपके काढून फायदा नाही. उंचवटा सावली टाकतो, त्याला रंग काय करणार?

लेझरनं नको असलेले पुंजके जाळता येतील?

काळे केस असतील तर त्यांची वाढ लेझरनं कमी होते, पांढऱ्यांवर लेझर चालत नाही. पण केस गेला तरी खालचा उंचवटा आणि गोल व्रण राहतो. शिवाय ज्या केसांचा पुन्हा उपयोग झाला असता ते कायमचे गेले. पुंजी कमी असलेल्या माणसानं हे करू नये. कानशिलावर आलेला एखाददुसरा सुटा केस सोडला तर मी याच्या विरोधात आहे.

ऑपरेशन नकोच असेल तर रोजच्या रोज काय करता येतं?

बरंच काही, आणि सुरुवात इथूनच करावी.

रंगापासून सुरू करा. केसाचा रंग आणि कातडीचा रंग यांतला फरक जितका कमी, तितके पुंजके कमी दिसतात. काळा कुळकुळीत डाय हा जुन्या ट्रान्सप्लांटवाल्याचा शत्रू. गडद तपकिरी लावा. मेंदी लावायची तर तिचा लालपणा मारून. डाय लावायच्या आधी अठ्ठेचाळीस तास हातावर लावून बघायचं, कारण व्रणाच्या कातडीवर ॲलर्जी उठली तर महिनाभर घराबाहेर पडवत नाही.

केराटिनचं फायबर, म्हणजे डब्यातून शिंपडायची बारीक केसपूड, पुंजक्यांच्या मधल्या जागा छान भरते. पण तिला चिकटायला थोडे तरी केस लागतात, आणि जुलैत दादर स्टेशनावर ती कपाळावरून गालावर येते. पावसाळ्यात कातडीलाच रंग देणारी घट्ट पेस्ट बरी, फायबर हिवाळ्यातल्या लग्नसराईसाठी ठेवा.

कापणी ही सर्वात स्वस्त युक्ती. केस फार लांब ठेवून मागून पुढे आणू नका, पुंजका जितका लांब तितका तो दोरीसारखा लटकतो. पुढून मध्यम, थोडे विस्कटलेले, बाजूने आखूड. एकच सलून धरा, गर्दी नसेल अशा वेळी जा आणि पहिल्या दिवशीच सांगून टाका: "पुढे आणि मागे जुन्या ऑपरेशनच्या खुणा आहेत. मागे चार नंबरच्या खाली मशीन नको, पुढे फक्त कात्री." माझा सलूनवाला वीस वर्षं तेच करतोय. त्यानं एकदाही विषय काढला नाही. दिवाळीला त्याला मी न विसरता बोनस देतो.

केसांचा पॅच किंवा विग लावायचा तर चिकटपट्टी व्रणावर येणार नाही असं बघा. आणि उन्हात टोपी, टोपी नसेल तर सनस्क्रीन. पांढऱ्या व्रणात रंगद्रव्य नसतं, ते पटकन भाजतात.

गोळ्या किंवा डोक्याला लावायच्या मिनॉक्सिडिलनं काही फरक पडेल?

पुंजक्यांवर नाही. पण उरलेले मूळचे केस टिकले तर आडोसा टिकतो, म्हणून डॉक्टर त्या सुचवतात. फिनास्टेराइड या गोळीमुळे काहींना लैंगिक तक्रारी आणि मन उदास होण्याचा त्रास होतो, ते आधी बोलून घ्या. आणि पन्नाशीच्या पुढच्यांनी हे विसरू नका: प्रोस्टेटसाठी पीएसएची रक्ततपासणी करताना गोळी चालू असल्याचं डॉक्टरला सांगा. या गोळीनं पीएसएचा आकडा साधारण निम्म्यावर येतो आणि खरा आजार झाकला जाऊ शकतो.

इतक्या वर्षांनी खाज, फोड, पू येतोय. हे ट्रान्सप्लांटमुळे का?

असू शकतं. आत वळलेला केस, कातडीखाली राहिलेल्या तुकड्याभोवती झालेली गाठ, केसांच्या मुळांची सूज. पण लावलेले, टिकाऊ म्हणवणारे केस अचानक गळायला लागले, भोवती लाली, खवले आणि जळजळ असेल, तर व्रण करत जाणारा केसगळतीचा आजार असण्याची शक्यता असते. त्वचारोगतज्ज्ञ छोटा तुकडा काढून तपासायला पाठवतात. असा आजार चालू असताना दुरुस्ती करायची नाही, लावलेलं सगळं जाईल.

दुरुस्तीसाठी डॉक्टर कसा निवडायचा?

जाहिरात बघून नव्हे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं २०२२ मध्ये स्पष्ट केलं की ट्रान्सप्लांट प्लास्टिक सर्जरी किंवा त्वचारोगाचं रीतसर शिक्षण घेतलेल्यानं करावं, आणि कार्यशाळेत किंवा यूट्यूबवर बघितलं म्हणजे प्रशिक्षण होत नाही. तरी गल्लोगल्ली बोर्ड आहेतच.

दुरुस्ती हे नव्या ट्रान्सप्लांटपेक्षा वेगळं काम आहे. विचारा: जुने पुंजके तुम्ही स्वतः काढले आहेत का? त्या माणसांचे केस ओले करून मागे फिरवलेले फोटो दाखवा. छेद कोण देणार, तुम्ही की टेक्निशियन? माझ्या मागे किती केस उरलेत ते आकड्यात सांगा. पहिल्याच भेटीत "चार हजार ग्राफ्ट टाकू, सगळं झाकलं जाईल" म्हणाला तर चहा पिऊन उठा. इस्तंबूलच्या विमान-हॉटेलसकट पॅकेजबद्दलही विचारतात. नव्या माणसाचं मला माहीत नाही, पण दुरुस्तीला त्याच हाताकडे तीनचार वेळा जावं लागतं, आणि दोन वर्षांनी टाका ओढला तर कोण बघणार?

खर्च विम्यातून मिळतो का? जुन्या डॉक्टरवर दावा करता येईल?

विमा नाही. सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया आरोग्यविम्यातून वगळलेली असते, अपघात, भाजणं किंवा कॅन्सरनंतरची पुनर्रचना सोडून. शिवाय इतर बहुतेक उपचारांना जीएसटी माफ असला तरी हेअर ट्रान्सप्लांटला तो १८ टक्के लागतो. कोटेशन घेताना तो धरलाय का, विचारून घ्या.

दाव्याचं म्हणाल तर ग्राहक आयोगाकडे तक्रार करायची मुदत दोन वर्षांची. ऐंशीच्या दशकातल्या कामासाठी ते दार बंद झालं. अलीकडचं काम बिघडलं असेल तर मात्र लगेच लेखी अर्ज करून कागद मागा. रुग्णाच्या नोंदी डॉक्टरनं तीन वर्षं ठेवायच्या आणि मागितल्यापासून ७२ तासांत द्यायच्या असा नियम आहे.

मी ६५ वर्षांचा आहे. आता कशाला, असं घरचे म्हणतात.

डोकं तुमचं आहे. बीपी, साखर आटोक्यात असेल तर निव्वळ वयामुळे कुणी नाही म्हणत नाही. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर ती हृदयाच्या डॉक्टरला विचारल्याशिवाय बंद करू नका. सिगारेट मात्र बंद, तिच्यामुळे लावलेले केस नीट धरत नाहीत. या वयात सगळं करायची गरजही नसते. पुढचे पाच-पंधरा ठळक पुंजके काढले तरी आरशातला माणूस बदलतो.

माझ्या मुलाला तेविसाव्या वर्षीच टक्कल पडायला लागलंय. तो ट्रान्सप्लांट करायचं म्हणतोय.

आजची पद्धत आपल्या वेळेपेक्षा कितीतरी चांगली आहे, हे खरं. पण तेविसाव्या वर्षी टक्कल कुठवर जाणार ते कुणालाच सांगता येत नाही, आणि एफयूईच्या "व्रण नाही" या जाहिरातीत तथ्य नाही. प्रत्येक मुळामागे एक ठिपका राहतोच, जास्त उचललं तर मागचं डोकं कसर लागल्यासारखं दिसतं. आधी वर्षभर औषधोपचार करून बघू दे. डॉक्टरला एवढंच विचारू दे: बाकीचे सगळे केस गेले तर पन्नाशीत मी कसा दिसेन, कागदावर काढून दाखवा.

माझ्या मुलानं विचारलं तेव्हा मी त्याला गच्चीवर उन्हात घेऊन गेलो आणि मागचे केस उचलून धरले. तोवर भाजल्याची गोष्ट त्यालाही खरीच वाटत होती. त्यानं त्या डागांवरून बोट फिरवलं, दुखतं का विचारलं, मी नाही म्हणालो. पुढच्या रविवारी तो सलूनमध्ये जाऊन एक नंबर मशीन मारून आला. त्याला शोभतं ते.